उंबऱ्यापुढचा दगड आणि माझा शहाणपणा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा ना. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी आपटली. म्हणे गमतीदार! एकतीस वर्षं मी झाशीत लोकांच्या अंगणातले, ओट्यांवरचे, देवळांतले दगड धुते आणि त्यांत ओल शिरू नये म्हणून त्यांना औषध पाजते. यात गंमत असलीच तर एवढीच, की इतक्या वर्षांत एकाही माणसाने माझं पहिल्या सांगण्यात ऐकलेलं नाही.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीमुळे जळगावकडून इकडे आले आणि प्रेमनगरात राहिले. मी इथेच शाळा शिकले, इथेच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन ओरछा गेटच्या आत एका जुन्या मराठी घरात आले. सासरची माणसं इथे इतक्या पिढ्यांपासून आहेत की त्यांच्या बोलण्यात खापरपणजोबांच्या वेळचे मराठी शब्द आहेत आणि दर चौथं वाक्य हिंदीत संपतं. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून गालात हसतात. हसू देत बापडे. लग्नानंतर मी एका दगडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवायच्या नोकरीला लागले. तिथे रोज कुणी ना कुणी तक्रार घेऊन यायचं, तुमचा दगड काळा पडला, पांढरा पडला, फुटला. मालक मला बघायला पाठवायचे. दगड बिचारा निर्दोष असायचा, माणसानेच त्याला काहीतरी करून ठेवलेलं असायचं. ते निस्तरता निस्तरता माझा स्वतःचा धंदा उभा राहिला.

धंदा उभा राहिला, मान काही उभा राहिला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हमखास कुणीतरी विचारणार, "अगं मालती, बी.एस्सी. होऊन अजून फरशाच धुतेस का?" गिऱ्हाईक फोनवर विचारणार, "आंटीजी, झाडू-पोछा भी कर देंगी क्या साथ में?" माझ्याबरोबर वीस वर्षं काम करणारी रामकली अशा वेळी माझ्या हातातून फोन काढून घेते, कारण पुढे मी काय बोलेन याचा तिला भरवसा नाही.

तर आधी सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. दगड पाणी पितो. घरात लावलेला कमी पितो, बाहेरचा जास्त. आमच्याकडे अंगणात ललितपूरचा पिवळसर दगड फार. तो वाळूचाच बनलेला, त्यामुळे तांब्याभर पाणी ओता आणि बघत राहा, डोळ्यांदेखत आत जातं. पाण्याबरोबर तेल जातं, हळद जाते, कुंकू जातं, पानाची पिंक जाते. ते बाहेर काढायला मऊ ब्रश लागतो, सौम्य साबण लागतो, भरपूर पाणी लागतं आणि सगळ्यांत जास्त धीर लागतो. मग दगड पुरता वाळू द्यायचा आणि त्यानंतर औषध द्यायचं. हे औषध दोन जातींचं असतं. एक आत मुरतं, वरून काही दिसत नाही, बाहेरचं पाणी आत जाऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर पडू देतं. दुसरं वर साय धरतं आणि चमकतं. गिऱ्हाइकाला कायम दुसरं हवं असतं. पहिलं लावलं की म्हणतात, "कुछ किया भी है कि नहीं?"

आणि तेजाब, म्हणजे ॲसिड! त्या तेजाबाचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. संडास धुवायची ती बाटली या शहरात लोक दगडावर ओततात. एका लग्नाच्या लॉनवाल्याने कोटाच्या फरशीवर, टिळ्याच्या म्हणजे इकडच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, पिंपभर तेजाब फिरवलं. कोटाचा दगड चुन्याच्या जातीचा, तेजाब त्याला खाऊन टाकतं. मी पोचले तेव्हा निळसर हिरवी फरशी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी झाली होती आणि तो गडी खुशीत होता. "देखिए आंटीजी, मैल तो सारा निकल गया, बस आप थोडी पॉलिश मार दीजिए." मी म्हटलं, "भैया, मैल नहीं निकला, पत्थर निकल गया." त्याला वाटलं मी भाव वाढवायला बोलतेय. दुसरी एक बाई दर दिवाळीला दारातल्या लाल दगडावर मोहरीचं तेल चोळायची. आमच्याकडे आजूबाजूला गिट्टीच्या खाणी, हवेत कायम भुकटी. ती सगळी त्या तेलावर बसली आणि काळी चिकट पुटं चढली. मला म्हणते, "पत्थर ही निकम्मा है." दगड निकम्मा! तेल कुणी चोळलं बाई?

असं मी जगाला बोलत आले. आता जिथे मला स्वतःला बोलणी खायची पाळी आली ते सांगते. ज्यांच्याविषयी लिहिणार आहे तेही हा अंक वाचतील. वाचू देत.

आमच्या गल्लीत महादेवाचं एक छोटं देऊळ आहे, चार-पाच मराठी घरांनी मिळून सांभाळलेलं. पुढे अंगण, अंगणाला ललितपूरच्या दगडाच्या मोठ्या लाद्या, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापुढे काही लाद्यांवर नावं कोरलेली. कुणी वारलं की त्याच्या नावाचा दगड मुद्दाम पायाखाली बसवायची जुनी रीत. देवाला येणाऱ्यांच्या पायांची धूळ त्या नावावर पडावी, त्यातून गेलेल्याला पुण्य मिळावं, अशी समजूत. उंबऱ्याला अगदी लागून असलेल्या लादीवर तीन ओळी होत्या. वर 'श्री'. मग 'विष्णु गोविंद यांनी आपली भार्या'. आणि खाली, उंबऱ्याच्या बाजूला, 'भागीरथी हिचे स्मरणार्थ'.

ही भागीरथी म्हणजे आमच्या यमूमावशींची आई. यमूमावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत, पण अख्ख्या गल्लीच्या मावशी. आता ब्याऐंशीच्या. त्या चार वर्षांच्या असताना आई बाळंतपणात गेली. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. घरात आईचा फोटो नाही, एखादं भांडं नाही, शाळेच्या दाखल्यावर फक्त बापाचं नाव. आईचं नाव जगात लिहिलेलं असं या एका दगडावर. मावशी अक्षरं शिकल्या त्या याच दगडावर बोट फिरवून. शाळेत मास्तरांनी 'ग' गिरवायला दिला तेव्हा त्यांना 'भ' आधीच येत होता. स्वतः त्या दगडावर कधी पाय देत नाहीत, बाजूने जातात. दुसरे मात्र पाय देतात की नाही यावर बारीक लक्ष. कुणी भिडस्तपणे ओलांडून गेलं तर हाक मारून परत बोलावतात, "पाय ठेवून जा रे बाबा, त्यासाठीच आहे ती!"

तीन वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या आधी देवळाच्या समितीचे चिटणीस शरदराव माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने वाईट नाहीत, पण प्रत्येक गोष्ट फाइलीत बसली पाहिजे असा माणूस. म्हणाले, "मालतीताई, अंगण फार काळवंडलंय. तुम्ही घरच्याच. शिवरात्रीपर्यंत चकाचक करून द्या."

मी म्हटलं, "धुते. पण धुतल्यावर पंधरा दिवस पाणी बंद. अभिषेकही बंद. दगड वाळल्याशिवाय मी औषध लावत नाही."

"महादेवाचा अभिषेक बंद?" त्यांनी कानांना हात लावला. "लोक जोड्याने मारतील मला. पाच दिवस घ्या. आणि जरा चमक येऊ द्या हो. काम झालंय असं दिसायला नको का?"

इथे मी ठाम राहायला हवं होतं. लॉनवाल्याला फाडफाड बोलणारी मी, इथे माझी जीभ लुळी पडली. खरं सांगते, मला मिरवायचं होतं. ज्या बायकांनी हळदीकुंकवाला मला फरशीवाली म्हटलं त्या शिवरात्रीला त्याच अंगणात उभ्या राहणार होत्या. त्यांना माझी विद्या दिसायला हवी होती, आणि मुरणारं औषध दिसत नाही. मी चमकीचं लावायचं कबूल केलं.

दगड वाळलाय की नाही हे बघायची आमची साधी पद्धत आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा दगडावर चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी खालून थेंब धरले असतील तर आत ओल आहे. मी तीन ठिकाणी प्लास्टिक लावलं, तिन्ही अंगणाच्या उन्हाच्या भागात. तिन्ही कोरडी निघाली. उंबऱ्याजवळ लावलं नाही, कारण तिथे अभिषेकाला येणाऱ्यांची ये-जा आणि शरदराव म्हणाले देवाच्या दारात ते प्लास्टिक बरं दिसत नाही. मीही म्हटलं, तीन कोरडी तर चौथंही कोरडंच असणार. रामकली म्हणाली होती, "दीदी, एक वहाँ भी लगा देते." मी तिलाच गप्प केलं.

शिवरात्रीला अंगण नुसतं झळकत होतं. बायका साड्यांचे काठ वर धरून, पाऊल जपून टाकत होत्या. ज्या बाईने मला दर संक्रांतीला टोमणा मारला तिनेच विचारलं, "आमच्या गच्चीचं करून देशील का गं?" मी तरंगत होते. यमूमावशी तेवढ्या खाली बसल्या, आईच्या दगडावर तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "गुळगुळीत लागतंय गं. नाव हाताला लागत नाहीये." अक्षरं मुळात झिजून उथळ झाली होती, त्यांत माझी साय भरली होती. मी अगदी तोऱ्यात म्हटलं, "मावशी, आता शंभर वर्षं काही होत नाही बघा."

दोन पावसाळे गेले. मी त्या वाटेने जात होते, पण दगडाकडे बघत नव्हते. झालेल्या कामाकडे बघायचं नसतं असा माझा ताठा. मग गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर शरदरावांनी मला बोलावून घेतलं. अंगणात बाहेरचा एक ठेकेदार उभा होता, हातात मोजपट्टी. उंबऱ्याकडच्या लाद्यांवरची चमक दुधासारखी पांढरी झाली होती, तिला फोड आले होते, आणि फोडाला नख लावलं की खालच्या दगडासकट पापुद्रा सुटत होता. सांध्यांमधून पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, वर आला होता.

"तुमच्या औषधाने देवळाचा दगड सडला," शरदराव म्हणाले. "हे सगळं काढून आता ग्रॅनाइट टाकायचं ठरतंय."

"सब उखाड देंगे, मैडम," ठेकेदार म्हणाला. "एकदम शीशे जैसा ग्रेनाइट."

शीशे जैसा! जिथे दर सोमवारी शंभर तांबे पाणी सांडतं, जिथे सत्तरीच्या बायका अनवाणी येतात, तिथे आरशासारखा दगड. पहिल्याच श्रावणात दोघींची कंबर मोडली असती. हे मी बोलून दाखवलं, जरा मोठ्याने दाखवलं. शरदराव म्हणाले, "तुम्ही आता आम्हाला शिकवू नका." सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं होतं आणि राग असा आला होता की मला धड दिसत नव्हतं. मी गुडघ्यावर बसले. भागीरथीच्या दगडाच्या पहिल्या दोन ओळी ठीक होत्या. तिसरी, तिच्या नावाची, पूर्ण फुगलेली होती.

तिसरीच का? ओल वरून आली असती तर सगळा दगड सारखाच बिघडला असता. इथे उंबऱ्याची कडच तेवढी गेली होती. मी रामकलीला देवळाच्या मागे गोमुखापाशी उभं केलं. गोमुख म्हणजे गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते दगडी तोंड. तिला बादली दिली आणि मी आत पिंडीवर दहा तांबे ओतले. रामकलीने तिकडून ओरडून सांगितलं, "दीदी, तीन ही आए!"

हे मला माहीत होतं हो! सात-आठ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. श्रावणी सोमवारी आई आम्हाला प्रेमनगरातून इथे घेऊन यायची. आम्ही पोरी आळीपाळीने तांबे ओतायचो आणि गोमुखाकडे पळत जायचो, तर पाणी थोडंच यायचं. गुरुजींना विचारलं तर म्हणायचे, "बाकीचं महादेव पितो." आम्ही हात जोडायचो. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, जगाला 'दगड पाणी पितो' हे सांगत हिंडले, आणि या एका देवळात मात्र उरलेलं पाणी महादेव पितो हे माझ्या डोक्यात तसंच बसून राहिलं. ते कुठे जातं हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. भागीरथीच्या दगडाशेजारची एक कोरी लादी उचलली तर खाली जुनी पन्हळ फुटलेली. काळा चिखल, कुजलेली बेलाची पानं आणि आंबलेल्या दुधाचा भपकारा. वर्षानुवर्षं पाणी लाद्यांच्या पोटात जात होतं आणि पूर्वी वरून वाफ होऊन निघून जात होतं. मी वर साय चढवली आणि त्याची वाट बंद केली. पाण्याबरोबरचे क्षार दगडाच्या कातडीखाली साठले आणि त्यांनी कातडी फाडली.

समितीपुढे मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे. पाच दिवसांची घाई तुमची, चमकीचा हट्ट तुमचा, पण नाही म्हणणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. चाळीस दिवस द्या, पन्हळ दुरुस्त करा, मी साय काढून दगड वाचवते. यावर शरदरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की ठेकेदाराला सोमवारचा शब्द दिलेला आहे.

सोमवारी ठेकेदाराची माणसं पहारी घेऊन आली तेव्हा यमूमावशी उंबऱ्यापुढे चटई टाकून बसलेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या दगडावर. "उखाडना है तो हमको भी साथ में उखाडो," एवढंच म्हणाल्या आणि जपाची माळ काढली. पहारीवाले हात जोडून बाजूला झाले. दुपारपर्यंत गल्ली जमली. शरदरावांना अभिषेक थांबवला तर लोक जोड्याने मारतील अशी भीती होती ना, ते जोडे आता दुसऱ्या कारणाने निघायची चिन्हं दिसायला लागली. मला चाळीस दिवस मिळाले.

त्या संध्याकाळी मी मावशींना समजावून सांगितलं. साय तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात दगड अजून खोलवर फुटेल. काढली तर जी अक्षरं आधीच सुटली आहेत ती तिच्याबरोबर येऊ शकतात. मी विचारलं, "काय करू?"

"मला कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या. "लावताना विचारलं होतंस?"

मग त्याच म्हणाल्या, "काढ. खोटं कातडं नको तिच्यावर."

गवंड्याने पन्हळ नवी बांधली. मग आम्ही दोघी लागलो. बाकीच्या लाद्यांवरची साय जेलीसारखं एक औषध लावून सैल केली आणि लाकडी पट्टीने उचलली. भागीरथीच्या दगडाला मी ब्रशसुद्धा लावला नाही. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, बोटभर जागा ओली करायची, थांबायचं, टिपायचं. नऊ दिवस मी त्या एका दगडापाशी पालथी पडून होते. 'श्री' निघाला, झिजलेला पण शाबूत. 'विष्णु गोविंद यांनी आपली भार्या' निघालं. तिसऱ्या ओळीत मी जीव मुठीत धरून काम केलं, आणि तरीही त्या ओळीच्या तिसऱ्या दिवशी कापसाला एक पापुद्रा चिकटून आला. नखाएवढा. त्यावर 'थी'ची वेलांटी होती. मी तो चिमटीत धरून परत जागी बसवायला बघत होते आणि रामकली म्हणत होती, "रहने दो दीदी, अब नहीं बैठेगा." संध्याकाळपर्यंत 'भ'ची उभी रेघ तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

मग मुलतानी मातीत कागदाचा लगदा कालवून जाड लेप दिला. तो वाळताना दगडातले क्षार स्वतःत ओढून घेतो. वाळला की काढायचा, नवा द्यायचा. तीन वेळा दिला. शेवटच्या लेपानंतर दगडावर बोटाने टकटक केली तर खणखणीत वाजला. दगड वाचला होता, तिसऱ्या ओळीची जागा पक्की होती, आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

शरदराव पाहणीला आले. वाकून वाचलं आणि चेहरा खुलला. "वा! मुख्य नाव तर स्वच्छ वाचता येतंय. मग झालं की."

"मुख्य?" मी म्हटलं.

"म्हणजे विष्णुपंतांचं हो. दगड त्यांनीच बसवलाय ना."

तेव्हा मी जे बोलले त्यातलं अर्धं इथे छापता येणार नाही. बाई मेली, तिच्यासाठी दगड बसवला, आणि मुख्य नाव बसवणाऱ्याचं! 'विष्णु गोविंद यांनी आपली भार्या', आणि पुढे कोरा दगड. कोण भार्या, काय नाव, कुणाची आई, काही नाही, आणि चिटणीस म्हणतात झालं की! मी म्हटलं, नाव पुन्हा कोरायचं, माझ्याकडून. त्यावर ते म्हणाले, त्याला समितीचा ठराव लागेल, पुढची बैठक चैत्रात आहे. "चमक लावताना ठराव केला होता?" मी विचारलं. "ग्रॅनाइटवाल्याला शब्द दिलात तेव्हा केला होता?" ते म्हणाले, "मालतीताई, आवाज खाली ठेवा, देऊळ आहे." मी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हरिरामला घेऊन आले. साठीचा कारागीर, जन्मभर मूर्तींच्या चौथऱ्यांवर अक्षरं कोरत आलेला. रामकली यमूमावशींना हाताला धरून घेऊन आली. शरदरावही आले, आणि मी अपेक्षा केली होती तसे भांडायला नाही. कोपऱ्यात उभे राहिले. मावशींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या दगडाच्या बाजूला बसल्या आणि कोऱ्या जागेवर बोटं फिरवत राहिल्या. मी त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "मावशी, माझ्या हातून गेलं. मला माफ करा." त्यांनी पदराने त्या जागेवरची धूळ पुसली.

हरिरामने गेरू भिजवला आणि विचारलं, "माताजी, नाम बोलिए."

"भागीरथी," मावशी म्हणाल्या.

"बस इत्तो ही? आगे-पाछे कछू?"

"बस इतना ही. बडा लिखो."

त्याने जुन्या ओळीच्या दुप्पट उंचीची अक्षरं गेरूने काढली, नवऱ्याच्या नावापेक्षा मोठी. मावशींनी 'भ' बघितला, बोटाने हवेतच एकदा गिरवला आणि मान डोलावली. हरिरामने छिन्नी उचलली, मग माझ्याकडे वळला. काम मी आणलं होतं म्हणून मलाच विचारलं, "दीदी, कित्ती गहरी काटें?"

मी सवयीने सुरू झाले. "देखो भैया, ललितपूर का पत्थर है, ज्यादा गहरा काटोगे तो अक्षर में पानी रुकेगा, इसलिए एक सूत से..."

"इसकी मत सुनो," यमूमावशी म्हणाल्या. त्यांचा एक हात माझ्या दंडावर होता आणि पकड चांगली घट्ट होती. "इतना गहरा काटो भैया, के ये दुबारा साफ न कर पाए."